वारुळापाशी वाद

१९५७ साली लंडनहून दत्तात्रेयावरचे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. लिहिणारे होते जयचामराज वडियार, म्हैसूरचे शेवटचे महाराज आणि त्या वेळी म्हैसूर राज्याचे राज्यपाल. दत्त म्हटले की मराठी माणसाला नृसिंहवाडी, औदुंबर, गाणगापूर आठवते. चामुंडी टेकडीच्या पायथ्याच्या राजवाड्यातल्या राजाने दत्तावर ग्रंथ लिहावा, हे आपल्या सहसा ध्यानात नसते. पण दत्ताचे नाते म्हैसूरच्या मातीशीही आहे. नंजनगूड रस्त्यावरच्या अवधूत दत्त पीठात आजही रोज माणसे येतात.

या दत्ताचे मला सगळ्यात आवडणारे रूप भागवताच्या अकराव्या स्कंधात भेटते. यदु राजा एका अवधूताला विचारतो, तुझ्यापाशी काहीच नाही, तरी तू इतका आनंदात कसा? अवधूत आपल्या २४ गुरूंची नावे सांगतो. पहिली गुरू पृथ्वी. पुढे अजगर आहे, साप आहे, कोळी आहे, हरीण आहे, मातीचे घर करणारी माशी आहे. माणसे त्या मानाने थोडीच. एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत लिहिले, ते काम १५७३ मध्ये काशीत पुरे झाले, आणि तिथून हे प्राणी आपल्या कीर्तनांत आणि आज्यांच्या बोलण्यात वस्तीला आले.

प्राण्यांच्या वागण्यातून माणसाने जगण्याचे धडे घ्यावेत का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. दोन्ही बाजू मला खऱ्या वाटतात, म्हणून त्या दोन माणसांच्या तोंडी दिल्या आहेत. मामा आणि भाची कल्पनेतली आहेत. ती ज्या प्राण्यांविषयी भांडतात ते प्राणी, आणि त्यांच्याविषयी सांगितलेल्या गोष्टी, कल्पनेतल्या नाहीत.

मामा मूळ कुरुंदवाडचे. रेल्वेच्या नोकरीत म्हैसूरला आले आणि इथलेच झाले. कन्नड घरच्यासारखी बोलतात, सकाळी गुरुचरित्राचा अध्याय चुकवत नाहीत. भाची पुण्याची, जमिनीत घरे करणाऱ्या किड्यांवर संशोधन करणारी. एप्रिलमध्ये ती मामांकडे आली आहे. भल्या सकाळी दोघे चामुंडीच्या पायऱ्या चढायला निघाली. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडियारांनी बांधलेल्या या हजारेक पायऱ्या. वाटेत एका झाडाच्या बुंध्याशी कमरेएवढे वारूळ होते, वर हळदकुंकू, पुढ्यात सुकलेली फुले. मामांनी चपला काढून हात जोडले.

"इथे याला हुत्त म्हणतात," मामा म्हणाले. "सुब्रह्मण्य षष्ठीला तू सिद्धलिंगपुरात यायला हवं होतंस. वारुळाला दूध घालायला एवढी गर्दी होते की रस्ता दिसत नाही. का घालतात? आत नाग आहे म्हणून. आणि नाग कोण? अवधूताचा गुरू. तो स्वतः घर बांधत नाही. दुसऱ्याने बांधलेल्या घरात राहतो, निघून जातो. संन्याशाने घरदाराच्या खटपटीत पडू नये, हे अवधूत त्याच्याकडून शिकला."

"मामा, आपल्या आजीने याच नागाबद्दल काय सांगितलं असतं? आयत्या बिळावर नागोबा."

मामा हसले, पण भाची गंभीर होती. "साप एकच. वागणं एकच. वारूळ वाळवीनं बांधलं आणि तो आत जाऊन राहिला. संन्याशानं त्यातून वैराग्य घेतलं, कष्टकरी बाईनं त्यातच ऐतखाऊपणा पाहिला. दोघांनाही हवं ते मिळालं. मग सापानं शिकवलं काय? नागाला बीळ खोदताच येत नाही. उन्हाळ्यात बाहेरची जमीन भाजते तेव्हा त्याला आतला गारवा हवा असतो, मादीला अंडी घालायला दमट जागा हवी असते, आणि उंदरांच्या मागे तो बिळात शिरतो. त्यात वैराग्य नाही आणि चोरीही नाही."

"पण सापानं शिकवलं असं अवधूत कुठं म्हणतो?" मामा पायरीवर टेकले. "नीट वाच. तो यदूला म्हणतो की हे गुरू मी माझ्या बुद्धीनं केले. सापाला पत्ताही नाही की आपण कुणाचे गुरू आहोत. आणि या गुरूंपैकी कित्येकांकडून तो काय शिकला, तर असं वागू नये. कबुतर पिल्लांच्या मायेपोटी जाळ्यात शिरलं. हरीण गाण्याला भुललं. मासा गळाला लागला. तुम्ही लोक समजता की आम्ही प्राण्यांची नक्कल करायला सांगतो. अवधूतानं नक्कल केली नाही. त्यानं पाहिलं आणि निवडलं."

हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, आणि धडे काढणारे लोक नेमका तोच सोडून देतात. भाषणांत, शाळेच्या फळ्यांवर, कचेऱ्यांच्या भिंतींवर प्राणी असतात ते सगळे अनुकरणीय. मुंगीसारखे व्हा, कासवासारखे व्हा. अवधूताच्या यादीत चुकणारे प्राणीही गुरू आहेत.

भाचीने ते मान्य केले. मग ती म्हणाली, "त्यानं पाहिलं म्हणता ना? मग त्या माशीचं बोलू. शेवटचा गुरू."

मामांचा चेहरा उजळला. कुंभारीण माशीचा दृष्टान्त त्यांच्या आईचा आवडता होता. माशी भिंतीवर मातीचे लहानसे घर करते, त्यात एक अळी आणून कोंडते. भयाने अळी सतत माशीचेच ध्यान करते, ध्यान करता करता तिचे रूप पालटते, आणि एक दिवस त्या घरातून माशीच बाहेर पडते. ज्याचे अखंड चिंतन कराल, त्याचे रूप व्हाल. मामा हे सांगत होते तेव्हा त्यांच्या आवाजात आईचा आवाज मिसळलेला होता.

"मी ती घरं फोडून पाहिली आहेत, मामा. माशी अळीला नांगी मारते. अळी मरत नाही, फक्त हलू शकत नाही. तिच्या जोडीला माशी आपलं अंडं घालते आणि तोंड मातीनं लिंपून निघून जाते. अंड्यातून माशीचं पिल्लू निघतं आणि त्या जिवंत अळीला खात वाढतं. बाहेर येते ती माशी त्या अळीची झालेली नसते. अळी तर केव्हाच संपलेली असते."

मामा बराच वेळ बोलले नाहीत.

"डार्विनला हेच पचलं नव्हतं," भाची हळू आवाजात म्हणाली. "१८६० मध्ये आसा ग्रे या मित्राला त्यानं लिहिलं की दयाळू देव मुद्दाम असे कीटक घडवील यावर माझा विश्वास बसत नाही. ते कीटक या माशीच्या चुलत घराण्यातले, जिवंत अळ्यांच्या अंगात वाढणारे. मला डार्विनसारखं देवाशी भांडायचं नाही. मला एवढंच म्हणायचंय की या दृष्टान्तात अळी कुणालाच दिसली नाही. भीतीनं जो दुसऱ्याच्या घरात कोंडला गेला, त्याचं रूप पालटत नाही, तो खाल्ला जातो. धडाच काढायचा तर हाही आहे, आणि कितीतरी घरांतल्या सुनांना तो उपयोगी पडला असता. तो कुणी काढला नाही."

"ज्यानं दृष्टान्त दिला त्याला काय दिसत होतं, त्याचा विचार कर," मामा शेवटी म्हणाले. "अळी आत गेली. माशी बाहेर आली. मधलं मातीच्या आड. भिंतीकडे रोज पाहणाऱ्या माणसानंच हे टिपलं असणार, ज्यानं पाहिलंच नाही त्याला प्रश्नही पडला नसता. त्यानं जे पाहिलं त्याला जुळणारं उत्तर दिलं. तुझ्या हातात घर फोडायची सुई आहे. आणि माणसाच्या मनाबद्दल तो जे म्हणाला ते आजही खरं आहे. माझी आई चाळीस वर्षं एकाच नामाचं चिंतन करत होती, ती बदलली. ते मी पाहिलं."

"ते मी नाकारत नाही. पण आजीच्या बदलण्याला माशीची साक्ष कशाला लागते?"

मामांजवळ याला उत्तर नव्हते, आणि मला वाटते या प्रश्नाला सरळ उत्तर नाहीच. माणसाला स्वतःविषयी कळलेले सत्य एकट्याने उभे करायला धीर होत नाही, त्याला सृष्टीतला साक्षीदार लागतो. तो साक्षीदार पुढे फुटला तर सत्य पडते का? मामांच्या आईचे पडले नाही. पण साक्षीदार फुटल्याचे कळूनही त्यालाच उभे करत राहणे हा मात्र अळीवर अन्याय आहे, आणि सत्यावरही.

मामा असे हरणारे नव्हते. "तुमचे शास्त्रज्ञ धडे काढत नाहीत का?" त्यांनी उलट विचारले.

भाचीने थोडा विचार केला. ती प्रामाणिक मुलगी आहे. "काढतात. या माशीच्या नात्यातली एक माशी जमिनीत बीळ खोदते. फ्रान्सच्या फाब्रनं तिच्यावर प्रयोग केला. ती नाकतोड्यासारखा किडा ओढत बिळाच्या तोंडाशी आणते, तिथं ठेवते, आत जाऊन बीळ तपासते, मग बाहेर येऊन किडा आत नेते. ती आत गेली की फाब्र किडा थोडा दूर सरकवायचा. ती बाहेर यायची, किडा पुन्हा तोंडाशी आणायची आणि पुन्हा बीळ तपासायला आत जायची. त्यानं ४० वेळा केलं, ती ४० वेळा आत गेली. पुढं शंभर वर्षं हे उदाहरण पुस्तकांतून फिरलं. किडा म्हणजे चावीचं खेळणं, बुद्धी शून्य."

"मग?"

"फाब्रनंच पुढं लिहिलंय की दुसऱ्या ठिकाणच्या वस्तीतल्या त्याच जातीच्या माश्यांनी दोन-तीनदा फसल्यावर तपासणी सोडून दिली आणि किडा सरळ आत नेला. हा भाग पुस्तकांनी गाळला."

"म्हणजे तुमच्याकडेही अळी कुणाला दिसली नाही." मामा उठले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. दोघांनाही एकाच गोष्टीचे वाईट वाटत होते.

वाटेतल्या नंदीपर्यंत ते मुंग्यांवर बोलत गेले. तो भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यात वाद फारसा झाला नाही. मुंगी कष्टाळू, हे जगातल्या बहुतेक भाषांनी मान्य केले आहे. अ‍ॅरिझोना विद्यापीठात डॅनियल शारबोनो आणि अ‍ॅना डॉर्नहाउस यांनी एका लहानशा जातीच्या मुंग्यांवर रंगाचे ठिपके लावून त्यांच्या वसाहतींवर नजर ठेवली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार सुमारे ४० टक्के मुंग्या बहुतांश वेळ नुसत्या बसून असतात. सगळ्यात कामसू मुंग्या काढून घेतल्या तर या बसलेल्यांतून नव्या उठतात आणि काम सुरू राहते. मामांना हे ऐकून बरे वाटले. निवृत्त माणूस घरात असावा लागतो, एवढेच ते म्हणाले. भाचीने लगेच बजावले की हाही धडाच झाला, आणि तोही सोयीचा.

परतताना ते पुन्हा त्या वारुळापाशी थांबले. आता ऊन चढले होते. भाचीने वारुळाच्या उभ्या कडांवर हात ठेवला. मामांनाही ठेवायला लावला. उन्हाकडची कड तापलेली होती.

"नाग सोडा," ती म्हणाली. "हे घर ज्यांचं आहे त्यांच्याकडे बघा. आपण याला मुंग्यांचं वारूळ म्हणतो, पण बांधते वाळवी. आत तिची शेती असते. वाळलेलं लाकूड, पाचोळा चावून ती एक बुरशी वाढवते आणि तिच्यावर जगते. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवतात ना, कोकणात लोक टोपल्या घेऊन धावतात, ते या शेतीचं फळ. वाळवी ही शेती सुमारे ३ कोटी वर्षं करते आहे. माणसाच्या शेतीला १०-१२ हजार वर्षं झाली."

"आणि आत राणी बसून सगळ्यांना कामाला लावते."

"राणी कुणाला काही सांगत नाही. ती एका बंद खोलीत असते, दिवसाला हजारो अंडी घालते, तिथून बाहेर पडू शकत नाही. नाव राणी, जन्मठेप. हुकूम देणारं कुणीच नाही. एका वाळवीनं मातीची गोळी ठेवली की त्या गोळीमुळे पुढची वाळवी शेजारी दुसरी ठेवते. झालेलं काम पुढचं काम सांगतं. पिएर पॉल ग्रासे या फ्रेंच संशोधकानं १९५९ मध्ये याला स्टिग्मर्जी असं नाव दिलं. लाखो आंधळ्या कामकऱ्यांनी मुकादमाशिवाय हे उभं केलं."

मामा वारुळाभोवती फिरून आले. राजाच्या गावात आयुष्य काढलेल्या माणसाला मुकादम नसलेले राज्य पचायला वेळ लागतो. मग त्यांनी विचारले, "या कडा कशाला?"

हा प्रश्न ऐकून भाची खुलली. हवा खेळवण्यासाठी, ती म्हणाली. आत लाखो जीव आणि बुरशी श्वास घेतात, ती हवा बाहेर गेली नाही तर सगळे गुदमरतील. ते कसे होते हे बेंगळुरूतल्या अशाच वारुळांत शोधले गेले. एल. महादेवन आणि सहकाऱ्यांनी आत बारीक यंत्रे बसवून हवेचा वेग मोजला आणि २०१५ मध्ये ते प्रसिद्ध केले. दिवसा बाहेरच्या पातळ कडा लवकर तापतात, त्यांतली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री कडा आधी निवतात आणि प्रवाह उलटतो. म्हणजे दिवस आणि रात्र यांतल्या फरकावर हे घर श्वास घेते. त्याआधी कितीतरी वर्षे समज असा होता की आतल्या जिवांच्या उष्णतेने हवा वर ढकलली जाते.

"या जुन्या समजावरूनच मिक पीअर्स या वास्तुकारानं झिम्बाब्वेत हरारेला ईस्टगेट नावाची मोठी इमारत बांधली. १९९६ मध्ये ती पुरी झाली. नेहमीच्या वातानुकूलन यंत्रांशिवाय ती गार राहते."

मामा थांबले. "जुना समज चुकीचा निघाला ना?"

"बराचसा."

"आणि इमारत?"

"इमारत चालते."

"मग माझ्या आईच्या माशीनं काय पाप केलं होतं?" मामांनी आवाज चढवला नाही, पण हा त्यांचा दिवसभरातला सगळ्यात जोराचा वार होता. "वारूळ चुकीचं समजलं, तरी त्यातून गार घर झालं. माशी चुकीची समजली, तरी त्यातून शांत बाई झाली. तुमच्या चुकीला कौतुक आणि आमच्या चुकीला सुई?"

भाचीला उत्तर द्यायला खालच्या वळणापर्यंत चालावे लागले. "नाही मामा. चुकीबद्दल माझी तक्रारच नाही. चूक झाली तरी वारुळाकडे पाहणं थांबलं नाही, एवढाच फरक. इमारत उभी राहिल्यावरही लोक वारुळात यंत्रं घेऊन उतरले. माशीचं मात्र एकदा दृष्टान्तात रूपांतर झालं आणि पुढं तिच्याकडं कुणी पाहिलं नाही. धडा मिळाला की प्राणी संपतो, हे मला खुपतं. फाब्रच्या माशीचंही तेच झालं, म्हणजे शास्त्रातही हे होतं. धडा घ्या ना. पण घेतल्यावर परत जाऊन बघा."

मी हा वाद इथवर आणला तो या वाक्यासाठी. अवधूताच्या बाजूने बोलायचे तर तो एका जागी राहत नव्हता, हिंडत होता, पाहत होता. राजाला सांगताना त्याची यादी २४ वर थांबली. यादी पाठ करणाऱ्यांनी ती बंद केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघे कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर गेली. १८६४ मध्ये महाराज मुम्मडी कृष्णराजांनी शहराला आणि शेतांना पाणी मिळावे म्हणून हे तळे बांधवले. आता त्याच्या काठाने अर्धे म्हैसूर फिरायला येते. १९३९-४० मध्ये सलीम अलींनी म्हैसूर संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली तिला तेव्हाच्या महाराजांचाच आधार होता, त्यामुळे या भागातल्या पक्ष्यांची जुनी नोंद आपल्याजवळ आहे. मोकळ्या मुरमाड जागेत एक टिटवी कर्कश ओरडत त्यांच्या डोक्यावरून गेली.

"आमच्याकडे हिचं ओरडणं अपशकुनी मानत," मामा म्हणाले. "रात्री टिटवी ओरडली की आजी दार लावायची. आणि तीच टिटवी ज्ञानेश्वरांनी स्वतःला लावून घेतली. गीतेवर बोलायला निघालेला मी म्हणजे चोचीनं समुद्र मोजू पाहणारा टिटिभ पक्षी, असं पहिल्याच अध्यायात ते म्हणतात. पंचतंत्रातही टिटवीचं जोडपं समुद्राशी भांडतं. लहान असून मोठ्याला भिडणं, हा तिचा गुण."

"ती ओरडते कारण तिचं घरटं जमिनीवर आहे," भाची म्हणाली. "घरटं कसलं, चार खडे बाजूला सारून केलेला खळगा. त्यात खड्यांसारखी दिसणारी बहुधा चार अंडी. झाड नाही, आडोसा नाही. कुत्रा, मुंगूस, माणूस, कुणीही जवळ आलं की ओरडून, अंगावर झेपावून त्याला दुसरीकडं न्यायचं. आणि मामा, समुद्र राहू द्या. ही उन्हाळ्यात तळ्यावर जाते, पोटाची पिसं पाण्यात भिजवते, आणि परत येऊन ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. अंडी उन्हात शिजू नयेत म्हणून."

"पोटानं पाणी आणते?"

"पोटानं. दुपारच्या उन्हात पुन्हा पुन्हा."

मामा काठावरच्या दगडावर बसले आणि बसूनच राहिले. अंधार पडेपर्यंत त्यांनी दुसरे काही बोलणे काढले नाही. टिटवी कुठून येते, कुठे उतरते, नर आणि मादी आळीपाळीने बसतात का, हे ते विचारत होते. बसतात, भाची म्हणाली. चोचीने समुद्र मोजणाऱ्या टिटवीपेक्षा पोटाने तळे आणणारी टिटवी मामांना जास्त भावली, असे मी म्हणणार नाही. त्यांना दोन्ही भावल्या. पण दुसरीसाठी त्यांना तिथे बसावे लागले, आणि ते बसले.

रात्री जेवताना वाद पुन्हा पेटला तो खवले मांजरावरून. संकट आले की ते अंगाचे वेटोळे करते, मऊ पोट आत, खवले बाहेर, आणि बिबट्यालासुद्धा ते उलगडता येत नाही. वादळ आले की अंग मिटून घ्यावे, हे मामांना पटलेले. भाचीने ताट बाजूला सारले.

"त्याच गुणानं ते मरतं आहे. बिबट्यापुढं वेटोळं चालतं. माणूस आला की तो ते नुसतं उचलतो आणि पोत्यात घालतो. ते पळत नाही, चावत नाही, त्याला दातच नाहीत. शिकार करणाऱ्याला याहून सोपं जनावर मिळत नाही. खवल्यांच्या चोरट्या व्यापारामुळे जगभरातल्या सगळ्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१६ मध्ये बंदीचा निर्णय झाला, तरी चोरी थांबलेली नाही. मिटून घ्या हा धडा कुणापुढं द्यायचा, ते आधी बघायला नको?"

"म्हणून पुजायचं," मामा म्हणाले. "देवाच्या जनावराला कुणी पोत्यात घालत नाही. चिपळूणकडे काय केलं लोकांनी?"

त्यांना डुगवे गाव माहीत होते. भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने सह्याद्री निसर्ग मित्र ही चिपळूणची संस्था कोकणात खवले मांजराच्या रक्षणाचे काम करते. २०२० मध्ये जागतिक खवले मांजर दिनाला डुगव्याच्या गावकऱ्यांनी खवलोत्सव केला, खवले मांजराची प्रतिकृती पालखीतून मिरवली.

"केलं. पण त्याआधी गावोगाव फिरून ते कुठं आहे, कोण मारतं, का मारतं, हे शोधलं म्हणून तिथं पालखी पोचली. पाहणीशिवाय नुसती पालखी म्हणजे वारुळाला दूध. साप दूध पीत नाही, मामा. ते दूध वाळवीच्या घरात मुरतं."

"आणि पालखीशिवाय नुसती पाहणी? तुमचे अहवाल कोण वाचतं गावात?" मामा आता खरोखर चिडले होते. "नागपंचमीला आपल्याकडे नांगर धरत नाहीत, खणत नाहीत. का? जमिनीत कुणीतरी राहतं म्हणून. हा नियम कुठल्या संशोधकानं केला? श्रावणात साप बिळांतून बाहेर येतात, पिल्लं असतात, हे ज्यानं पाहिलं त्यानं त्याचा सण केला, म्हणून तो घरोघर पाळला गेला. तू पाहतेस ते खरं. पण पाहिलेलं टिकवायला माणसाला सण लागतो, गोष्ट लागते."

भाची गप्प झाली. एक दिवस न खणून उरलेल्या वर्षाचे काय, असे तिला म्हणायचे असावे. पण घरोघर एक दिवस जमिनीखालच्या जिवांसाठी कुदळ खाली ठेवणारा नियम तिच्या शास्त्राने अजून केलेला नाही, हेही तिला ठाऊक होते. माझे मन इथे मामांकडे झुकते. धडे वाईट नसतात. ते जिवंत माणसाच्या पाहण्यातून आलेले असले तर त्यांतून नियम होतात, आणि नियमाने जे वाचते ते नुसत्या ज्ञानाने वाचत नाही.

"मला एक सांग," मामा थोड्या वेळाने म्हणाले. "मागच्या रिकाम्या प्लॉटवर एक टिटवी बसते. परवा मालक येऊन गेला. पाया खणायला जेसीबी आणतो म्हणाला. अंडी किती दिवसांत फुटतात?"

"अठ्ठावीस ते तीस दिवस. पिल्लं त्यानंतर लगेच चालायला लागतात, आईबापांच्या मागे निघून जातात. तुम्ही तिला बसलेली कधी पाहिलीत?"

मामांनी खुंटीवरची दैनंदिनी काढली. दूधवाल्याच्या हिशेबाखाली एक ओळ होती: मार्चची २७ तारीख, टिटवी मुरमावर, हलत नाही.

भाचीने बोटांवर मोजले. "म्हणजे एप्रिलचा शेवट धरा. मेच्या पहिल्या आठवड्यानंतर त्यानं खुशाल खणावं."

"उद्या सकाळी त्याच्याकडे जातो. तो देवभक्त आहे, पाप लागेल असं सांगितलं तर ऐकेल."

"तारीखही सांगा मामा. नुसतं पाप सांगितलं तर तो शांती करून मोकळा होईल आणि परवाच खणेल."

मामांनी दैनंदिनीत मेची तारीख लिहिली आणि कन्नडमध्ये काय बोलायचे ते जुळवू लागले.